रिकाम्या कोपऱ्याची हरकत

सासरे : म्हणजे मी खडूस.

सून : खडूस नाही म्हटलं, बाबा. ठाम म्हटलं.

सासरे : वर्गात काय म्हटलंस ते सांग. घरात सगळे ठामच म्हणतात.

सून : वर्गात म्हटलं, गल्लीत एक वयस्कर गृहस्थ आहेत आणि त्यांचा सार्वजनिक शौचालयाला विरोध आहे. एवढंच.

मुलगी : बाई, तुम्ही 'हट्टी' पण म्हणाला होतात.

सून : तू आधी आत येऊन बस. दारात उभी राहून साक्ष देऊ नकोस.

सासरे : देऊ दे. या घरात खरं बोलणारं कोणीतरी आलं. कितवीत गं तू?

मुलगी : नववीत. नागरिकशास्त्राला आम्हाला बाईच आहेत.

सासरे : सोसतेस म्हणजे. आणि माझ्याकडे काय काम काढलंस?

मुलगी : परवा आमची सुनावणी आहे. खोटी. म्हणजे खरी असते तशीच, पण वर्गात. बाजाराजवळच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शौचालय बांधावं की नाही, हा विषय. एक मुलगी अध्यक्ष आहे, दोघं नगरपालिकेचे अधिकारी आहेत, बाकीचे बाजारात विकायला बसणाऱ्या बायका, हमाल, दुकानदार. आणि मी तुम्ही.

सासरे : तू मी?

मुलगी : म्हणजे हरकत घेणारे आजोबा. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझी ही निघाली.

सासरे : वर्गात एवढी धिप्पाड पोरं असतील, आणि माझ्या वाट्याला हे चिमणीएवढं माणूस. मिशी तरी लावणार आहेस का?

मुलगी : बाई नको म्हणाल्या.

सून : मिशी लावली की मुलं हसत बसतात. म्हणणं कोणी ऐकत नाही.

सासरे : अच्छा. म्हणून या घरात माझं कोणी ऐकत नाही होय?

सून : बाबा, आणि वर्गातली गल्ली कल्पित आहे. आपली नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका.

सासरे : कल्पित. काय गं, त्या कल्पित गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे का?

मुलगी : आहे.

सासरे : वाकडा?

मुलगी : वाकडा. बाईंनी फळ्यावर आधी सरळ काढला होता, मग पुसून वाकडा केला.

सासरे : बघ!

सून : हात हलला माझा.

सासरे : खांबाशेजारी रिकामी जागा, आणि जागेसमोर एका म्हाताऱ्याचं घर. तिथेही हातच हलला असेल. अगं, वॉर्ड ऑफिसने खरोखरची नोटीस लावली, अख्ख्या गल्लीत एका माणसाने हरकत घेतली, पुढच्या आठवड्यात त्याची खरी सुनावणी आहे, आणि त्याची सून तोच विषय नववीला शिकवते. उद्या परीक्षेत विचारशील. 'खालीलपैकी हट्टी कोण?'

सून : पर्याय एकच द्यावा लागेल.

मुलगी : आमच्यातही तसंच आहे, आजोबा. मी हरकत मागे घेतली तर शौचालय होणार. नाही घेतली तर अधिकाऱ्यांना दुसरी जागा शोधावी लागणार, आणि बाजाराजवळ दुसरी जागाच नाही. म्हणजे मग होणारच नाही.

सासरे : एवढं सगळं तुझ्या हातात आहे, मग माझ्याकडे कशाला आलीस? ऐटीत राहायचं.

सून : काल सराव घेतला. हिची हरकत सुरू व्हायच्या आत संपली.

मुलगी : मी म्हटलं, वास येईल. ते म्हणाले, रोज दोनदा साफ करू. मी म्हटलं, बरं.

सासरे : काय म्हटलंस?

मुलगी : बरं.

सासरे : बरं? माझ्या तोंडून? सूनबाई, ही माझी बदनामी आहे. जन्मात मी एका वाक्यात 'बरं' म्हटलेलं नाही. लग्नालासुद्धा मी आधी 'विचार करतो' म्हणालो होतो.

सून : म्हणून तर तिला तुमच्याकडे आणलं. समोर विरोधच नसेल तर सुनावणी कसली? सगळा वर्ग 'स्वच्छता हवी, स्वच्छता हवी' म्हणणार, टाळ्या वाजवणार आणि घरी जाणार. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, तेही मुलांना कळायला हवं की नको?

सासरे : आणि त्या निमित्ताने मला जाळ्यात ओढायला हवं.

सून : तुम्हाला कुठे ओढतेय? तुम्ही घरातच आहात. आई गेल्यापासून घरातच आहात.

सासरे : हा टोमणा होता?

सून : अर्धा.

सासरे : अर्ध्याला मी उत्तर देत नाही. ये गं इकडे, समोर बस. नाही कसं म्हणायचं, ते कंडक्टरकडून शिकावं. मी जन्मभर बसवर कंडक्टर होतो. जागा नाही म्हटलं की नाही. गाडी मागे रिकामी दिसत असली तरी नाही.

मुलगी : रिकामी असली तर का नाही?

सासरे : पुढच्या थांब्यावर शाळेची पोरं असायची. पण हे उतारूला सांगत बसायचं नाही. तोंड असं ठेवायचं. बघ. असं.

मुलगी : असं?

सासरे : हे दात दुखल्यासारखं झालं. भुवया खाली. हां. आता अध्यक्षांनी तुझं नाव पुकारलं. काय करशील?

मुलगी : उभी राहीन.

सासरे : चुकलं. लगेच उठतो तो लगेच बसतो. आधी खोकायचं. परत पुकारू दे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, आणि उठलं की सगळ्यांकडे एकदा बघायचं, यांच्यातल्या कोणाला मी लहानपणी कडेवर घेतलं होतं अशा नजरेने. खोक बघू.

मुलगी : खॉ. खॉ.

सासरे : मांजर शिंकलं. छातीतून काढ. हं, आता थोडी वयात आलीस. आता बोल.

मुलगी : पण आजोबा, आमच्या वर्गात बाईंचा एक नियम आहे. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला तरच आपण आपलं बोलायचं. तो 'नाही' म्हणाला तर परत सांगायचं.

सासरे : तो म्हणेपर्यंत?

मुलगी : म्हणेपर्यंत. एकदा तास संपला होता.

सासरे : हा नियम घरात का नाही?

सून : लावते आजपासून. तुमचा मुलगा महिनाभर तोंड उघडणार नाही.

सासरे : तो नाहीतरी जेवायलाच उघडतो. चल, करून बघू. मी हरकत घेतो, तू बाजाराकडून बोल. तुला त्यांची उत्तरं पाठ आहेतच. मी कसा लढतो ते बघून ठेव. आणि अध्यक्ष कोण?

सून : मी होते. मला इस्त्री करता करता जमेल.

सासरे : अध्यक्ष इस्त्री करणार?

सून : अध्यक्षांना दुसरं कोणी करून देत नाही. चला, सुनावणी सुरू. हरकतदारांनी आपली हरकत थोडक्यात मांडावी. थोडक्यात हा शब्द ऐकला ना, बाबा?

सासरे : आधी मला एक सांगा, अध्यक्षबाई. नोटीस कुठे लावली होती?

सून : खांबावर.

सासरे : वाकड्या खांबावर लावलेली नोटीस वाचायला मान वाकडी करावी लागते. माझी मान अजून दुखते. ही नोंद घ्या.

सून : घेतली. मलम लावा. पुढे.

सासरे : पहिली हरकत. वास.

मुलगी : तुमचं म्हणणं असं, की तिथे शौचालय झालं की तुमच्या घरात वास येईल, जेवतानाही येईल, आणि तुम्हाला खिडकी लावून बसावं लागेल.

सासरे : हो, हेच.

मुलगी : पण वास आत्ताही येतो. लोक खांबाच्या मागे जाऊन उभे राहतात. आणि तुमची खिडकी आत्ताही लावलेलीच आहे.

सासरे : काल 'बरं' म्हणाली म्हणतेस ती हीच का?

सून : खिडकी लावलेली आहे, याची अध्यक्षांनी नोंद घेतली.

सासरे : दुसरी हरकत. गर्दी. दिवसभर ये-जा, कचकच, भांडणं.

मुलगी : तुमचं म्हणणं असं, की फार माणसं येतील आणि गल्लीची शांतता जाईल.

सासरे : नाही. नुसती माणसं नाही. नको ती माणसं.

मुलगी : नको ती म्हणजे कोणती?

सासरे : आता कोणती म्हणजे... कोणतीही. ओळखीची ना पाळखीची.

मुलगी : माझी आई येईल. ती बाजारात बसते. कंगवे, पिना, आरसे विकते.

सासरे : पाण्याच्या टाकीजवळ बसते ती? हिरव्या छत्रीखाली? ती तुझी आई?

मुलगी : हो.

सासरे : अरे देवा. तरीच. तिच्याशी मी एकदा कंगव्यावरून वाद घातला. मी म्हटलं, दात मोडका आहे. ती म्हणाली, कंगव्याचे दात मोजण्याआधी डोक्यावर केस किती आहेत ते बघा. माझ्या बायकोसमोर म्हणाली. बायको हसत हसत घरापर्यंत आली.

सून : हरकतदारांनी विषयावर राहावं. तिची आई नको त्या माणसांत येते का?

सासरे : नाही येत. दुसरी हरकत अध्यक्षांनी पुसून टाकावी.

सून : पुसली.

सासरे : आता तिसरी. ही लक्ष देऊन ऐक. कुलूप. बांधून झालं, फीत कापली, फोटो काढला, चार दिवसांनी दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे? साहेबाकडे. साहेब कुठे? रजेवर. सांग.

मुलगी : तुमचं म्हणणं असं, की शौचालय बांधतील पण चालवणार नाहीत, आणि बंद शौचालयाच्या मागेच लोक बसायला लागतील.

सासरे : हो, हेच! छान सांगितलंस. उत्तर?

मुलगी : याला त्यांच्याकडे उत्तर नाही. अधिकारी झालेला मुलगा यावर नुसता पाणी पितो.

सासरे : मग? इथे पकडायचं त्यांना. इथून सुटता कामा नये.

मुलगी : पण आजोबा, ही हरकत वाईट शौचालयाला आहे. अध्यक्ष म्हणतील, मान्य. किल्ली ठेवायला तिथे एक बाई नेमा, पाण्याची टाकी द्या, आणि बांधा. मग मी खाली बसणार. मला असं काहीतरी हवंय, की बांधूच नये.

सासरे : सूनबाई, यांना नववीतच एवढं का शिकवता?

सून : बाबा, अर्जात तुम्ही काय लिहिलं होतंत? तिला तेच सांगा.

सासरे : ते... परिसराच्या सौंदर्यास बाधा.

मुलगी : कुठल्या सौंदर्यास?

सून : खांबाच्या असेल.

सासरे : हसा. दोघी मिळून हसा. अर्ज लिहायला बसलं की असेच शब्द येतात. सगळे लिहितात.

मुलगी : मी एकदा नियमाने सांगू का? तुमचं म्हणणं?

सासरे : सांग. आता काय राहिलंय.

मुलगी : वासाचं तुम्हाला एवढं नाही. गर्दीचंही नाही, ती तुम्हाला आवडत असेल, बसवर होतात म्हणून. कुलुपाचं खरं आहे, पण ते मुख्य नाही. तुमचं म्हणणं असं, की तिथे काहीच व्हायला नको. शौचालय नको, आणि उद्या कोणी कारंजं करतो म्हणालं तर तेही नको. ती जागा आहे तशी रिकामी राहायला हवी.

सासरे : ...

मुलगी : 'हो, हेच' म्हणायचं असतं. किंवा 'नाही'.

सासरे : हो. हेच.

सून : इस्त्री बंद करते मी.

मुलगी : पण का, आजोबा?

सासरे : तिथे हिची जागा होती.

मुलगी : कोणाची?

सासरे : माझ्या बायकोची. तुझ्या बाईंच्या सासूबाई. दुपारचं आवरलं की घरातली लाकडी खुर्ची उचलून तिथे जाऊन बसायची. मी त्या वेळेला वाचनालयातून परत यायचो. वळणावरूनच दिसायची. जवळ आलो की म्हणायची, "आज गाडी लेट." रिटायर झालो तरी रोज लेट. मग मी खुर्ची उचलायचो आणि दोघं घरी यायचो. एवढ्या वेळात तिने गल्लीतल्या प्रत्येकाची खबर काढलेली असायची. कोणाचा जावई रुसला, कोणाच्या म्हशीला... म्हणजे कोणाच्या गाडीला काय झालं, सगळं.

सून : म्हशीचंच होतं ते, बाबा. दूधवाल्याच्या.

सासरे : म्हशीचंच. तर आता ती जागा आहे. खिडकी लावलेली असली तरी फटीतून दिसते. तिथे काही नाही हे मलाही कळतं. पण काही नाही म्हणून तर तिला तिथे बसवता येतं. भिंत उभी राहिली की मी तिला कुठे बसवू?

मुलगी : हे सांगते मी परवा. याला त्यांच्याकडे उत्तर नाही.

सासरे : नाही ना?

मुलगी : नाही. अधिकारी रडेल. तो आधीच रडका आहे.

सून : हे नको घेऊस गं. दुसरं काहीतरी शोधू.

सासरे : का नको? पोर पहिल्यांदा जिंकायला लागली तर मास्तरीणबाई मोडता घालतात.

मुलगी : पण आजोबा, आमची अध्यक्ष फार चौकस आहे. ती विचारेल, त्या तिथेच का बसायच्या? तिथे सावली नाही, बाक नाही, शिवाय वास. बाजाराच्या पलीकडे बाग आहे. तिथे बाक आहेत, झाडं आहेत, दुपारी सगळ्या आज्या तिथे असतात. मग तिथे का नाही गेल्या?

सासरे : तिला इथे आवडायचं.

मुलगी : एवढंच सांगू?

सासरे : एवढंच होतं. बागेत चल म्हणून मी किती मागे लागलो असेन. नाही म्हणजे नाही. तिच्या मैत्रिणी निरोप धाडायच्या, तरी नाही. मी हट्टी म्हणतेस ना, सूनबाई? ती होती हट्टी. "मला इथेच बरं वाटतं." पुढे बोलणंच खुंटलं.

(सून इस्त्रीच्या चादरीची घडी मोडते, परत घालते.)

सासरे : तू त्या चादरीची तीच घडी परत परत घालतेयस.

सून : सुरकुती राहिली आहे.

सासरे : इस्त्री तर बंद केलीस. हाताने जाणार आहे का सुरकुती? काय आहे?

सून : काही नाही, बाबा. आपण दुसरी हरकत शोधू. पाण्याचं काहीतरी.

सासरे : सूनबाई. अध्यक्षांनाच काही ठाऊक असेल तर त्यांनी खुर्ची सोडून साक्षीला यावं. असं असतं ना तुमच्यात?

सून : असतं. पण विचारतंय कोण? हरकतदार की सासरे?

सासरे : तिचा नवरा विचारतोय.

सून : ...मग मधे बोलायचं नाही. आणि माझं झालं की नियमाने माझं म्हणणं तुम्हाला सांगावं लागेल.

सासरे : सांगीन.

सून : आईंना त्या कोपऱ्याच्या पुढे जाता यायचं नाही.

सासरे : गुडघे? तिचे गुडघे तर माझ्यापेक्षा...

सून : मधे बोलायचं नाही. गुडघे नव्हेत. रक्तदाबाची ती सकाळची गोळी. ती सुरू झाल्यापासून त्यांना लघवीला थांबवत नव्हतं. आली की आली. कोपऱ्यापर्यंत गेल्या तर घरी परत येईपर्यंत जमायचं. बागेपर्यंत गेल्या तर नाही. वाटेत कुठेच सोय नाही. बागेतही नाही. एकदा त्यांनी जाऊन बघितलं होतं.

सासरे : कधी?

सून : तुम्ही दाढ काढायला गेला होतात त्या दिवशी. रिक्षाने परत आल्या. मी दार उघडलं तर रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "थांब बाबा, सीट पुसून देते." मी फडकं घेतलं तर मला हात लावू दिला नाही. स्वतः पुसली. त्याला जायला सांगितलं, आंघोळ केली, कपडे धुतले. आणि दुपारी खुर्ची उचलली. मी म्हटलं, आई, आज राहू द्या. तर म्हणाल्या, "कोपऱ्यापर्यंत जाता येतं ना मला? मग तिथवर जाते."

सासरे : मला नाही सांगितलं.

सून : मला शपथ घातली होती. म्हणाल्या, त्यांना सांगशील तर ते उठून नगरपालिकेत भांडायला जातील, आणि कशासाठी भांडतायत ते सगळ्या गावाला कळेल.

सासरे : गेलोच असतो.

सून : त्या तेच म्हणाल्या.

(मुलगी चादरीचं एक टोक धरते, सून दुसरं. दोघी घडी पूर्ण करतात.)

मुलगी : बाई, मी निघू का?

सून : थांब जरा. बाबा, नियम.

सासरे : आता कसला नियम?

सून : माझं म्हणणं. तुमच्या शब्दांत.

सासरे : तुझं म्हणणं असं, की तिला ती जागा आवडत नव्हती. मीच आपलं...

सून : नाही. हे नाही म्हटलं मी.

सासरे : मग ती तिथे अडकून बसली होती.

सून : हेही नाही. परत.

सासरे : शाळेत पोरं कशी टिकतात गं हिच्यापुढे?

मुलगी : नाही टिकत. पण परत सांगा, आजोबा. जमतं.

सासरे : तुझं म्हणणं असं... की तिला पुढे जायचं होतं. बागेत, बायकांत. जाता येत नव्हतं. मग जिथवर येत होतं तिथवर ती रोज आली. आणि येऊन रडत नाही बसली. तिथेच बसून सगळ्यांना हाका मारल्या. आणि मला लेट म्हणाली.

सून : हो. हेच.

सासरे : वळणावरून दिसायची तेव्हा मला वाटायचं, माझी वाट बघतेय.

सून : वाट बघायच्याच. ते कोणी काढून घेत नाही तुमच्याकडून. तुम्ही दिसलात की आधी केस नीट करायच्या. मी खिडकीतून बघायचे.

सासरे : तेव्हा खिडकी उघडी असायची.

सून : असायची.

सासरे : जन्मभर गाड्या थांबवल्या मी. बाईमाणसाने नुसतं मागे वळून माझ्याकडे बघितलं की मला कळायचं. तोंडाने विचारावं लागलं नाही कोणाला. मी घंटी मारायचो. ड्रायव्हर करवादायचा, मी म्हणायचो, चाक बघायचंय, थांब. झाडी असेल तिथे थांबवायचो. परक्या बायकांचं सगळं कळत होतं मला.

सून : परक्या बायका तुमच्याकडे बघायच्या, बाबा. आई बघायच्याच नाहीत. बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून.

सासरे : शहाणी होती.

सून : होत्या.

मुलगी : आजोबा, मग परवा मी काय बोलू?

सासरे : काय बोलू म्हणजे? हरकत घ्यायची.

मुलगी : पण आता तर...

सासरे : आता काय? तुझी गल्ली कल्पित आहे. तुझ्या म्हाताऱ्याला सून नाही. तू कडकडून लढायचं. नोटीस, किल्ली, पाणी, रात्रीचा दिवा, आत धरायला कठडा, सगळं विचार. 'बरं' म्हणायचं नाही. त्यांना घाम फुटला पाहिजे. बांधणार असतील तर नीट तरी बांधतील.

मुलगी : आणि शेवटी?

सासरे : शेवटी तुला काय वाटेल ते कर. पण खोकून.

सून : आणि खऱ्या सुनावणीत, बाबा?

सासरे : बघू.

सून : बघू म्हणजे?

सासरे : बघू म्हणजे बघू. माणसाचं मन काय बस आहे, घंटी मारली की थांबली? नवऱ्याला विचार तुझ्या, मी बघू म्हटलं की होतं.

सून : त्यांना विचारलंय. सातवीत त्यांनी सायकल मागितली होती, तेव्हाही तुम्ही बघू म्हणाला होतात.

सासरे : मिळाली ना?

सून : नोकरी लागल्यावर.

सासरे : मिळाली ना पण?

मुलगी : येते मी, बाई. आईकडे जाऊन बसायचंय. संध्याकाळी दुकान आवरायला तिच्याबरोबर असते मी.

सासरे : अगं, एवढी खोकलीस, घसा सुकला असेल. सूनबाई, हिला पाणी दे. गार दे.

मुलगी : नको, आजोबा.

सासरे : नको काय? ओठ बघ. ऊन केवढं आहे बाहेर.

मुलगी : खरंच नको. सवय आहे मला.

सासरे : पाणी न प्यायची सवय?

मुलगी : दुपारचं नाही पीत आम्ही. मी पण नाही आणि आई पण नाही. अंधार पडेपर्यंत बाजारातच असतो ना.

सासरे : दे तिला. तांब्या भरून दे. पी गं. सगळं पी, आणि मग आत जाऊन ये, सावकाश. घाई करू नकोस. तोवर मी शर्ट बदलतो. वॉर्ड ऑफिस तुझ्या वाटेवरच आहे, मी येतो तुझ्याबरोबर.